गव्हाणीपासून मिसरपर्यंत: चार रविवारची गोष्ट

गेल्या नाताळाआधी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलवर्गात, ५ ते ८ वर्षांच्या मुलांना ख्रिस्तजन्माची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. गोष्ट लहानपणापासून पाठ, त्यामुळे एका रविवारात होईल असं वाटलं होतं. चार लागले.

पहिल्या दिवशी मी ऐकत आले तशीच सांगितली. गाढवावर मरीया, दारं ठोठावणारा योसेफ, जागा नाही म्हणणारा धर्मशाळेचा मालक. एक मुलगी अडूनच बसली, "तो मालक वाईट होता का?" मला उत्तर देता येईना. घरी येऊन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला. मालक तिथे नाहीच! गाढवही नाही. 'उतारशाळेत जागा नव्हती' म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं, एवढंच. त्या जागेसाठीचा मूळ ग्रीक शब्द लूकने पुढे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीलाही वापरलाय; म्हणजे पाहुण्यांची खोली भरली होती, असाही अर्थ निघतो.

पुढच्या रविवारी त्या मुलीला आधी हेच सांगितलं. रोमचा बादशहा कैसर औगुस्त याने नावनिशी (लोकांची नोंदणी) करायचा हुकूम काढला, जो तो आपल्या गावी निघाला, बेथलेहेमात लग्नघरासारखी गर्दी. लग्नघर म्हटल्यावर मुलांना पटकन कळलं. "मग झोपायला जागा कुठली!" एकजण म्हणाला.

अडलं ते गव्हाणीपाशी. आमच्या शहरातल्या पोरांनी ती पाहिलेलीच नव्हती. आजोळी गाई असलेल्या एका मुलाला पुढे बोलावलं. त्याने हातांनी लांबी दाखवली, कडबा कसा टाकतात ते सांगितलं आणि म्हणाला, "काठ गुळगुळीत असतो, गाय रोज मान घासते ना." इतकं चांगलं मला सांगता आलं नसतं.

पवित्र शास्त्रात बाळाला 'बाळंत्याने गुंडाळले' असं आहे, आणि हा शब्द मला फार आवडतो. आईचं जुनं सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेलं. त्याचे चौकोन फाडून नेले. प्रत्येकाने बाहुलीला गुंडाळून पाहिलं. त्या पाच मिनिटांत वर्गात कोणी मोठ्याने बोललं नाही.

तिसरा रविवार मेंढपाळांचा. तो सोपा गेला.

चौथा रविवार मागी लोकांचा, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा. ते मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत. ते किती होते हे तो सांगत नाही, त्यांना राजे म्हणत नाही, आणि ते 'घरात' गेले असं लिहितो. भेटी मात्र तीन: सोने, ऊद, गंधरस. मी वर्गात थोडा ऊद जाळला.

हेरोद राजाचं काय करायचं, यावर मी आठवडाभर विचार केला. बेथलेहेमातल्या दोन वर्षांच्या आतल्या मुलग्यांची हत्या या वयाला सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. पण हेरोद अजिबात गाळला तर योसेफ रातोरात मिसरला (इजिप्तला) का पळाला, हे कळत नाही. म्हणून, राजाला बाळाला मारायचं होतं आणि देवाने योसेफाला स्वप्नात सावध केलं, एवढंच सांगून थांबले.

"मग ते तिथेच राहिले?" पहिल्या दिवशी अडून बसलेल्या मुलीने विचारलं.

"नाही. राजा मेल्यावर परत आले."

"बाळ आपल्या घरी गेलं ना पण?"

"गेलं. नासरेथला."

मग तिने बाहुलीचं बाळंतं सोडून नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.