अंगठे पकडता येतात म्हणजे बॉडी फ्लेक्सिबल?

पेशंट आला की मी काही विचारायच्या आतच वाकून दाखवतो, "बघा मॅडम, हात जमिनीला टेकतात, मग कंबर का दुखते?" अहो, कदाचित म्हणूनच दुखत असेल! वाकताना मणके, खुबा, मांडीमागचे हॅमस्ट्रिंग सगळ्यांचाच हातभार लागतो, एक आखडलेला असला की दुसरा जास्त वाकून त्याचं काम करतो, त्यात कुणाचे हातच लांब असतात, मग बोटं टेकली यावरून नेमकं काय कळणार.

म्हणून मी पेशंटला उताणं झोपवते. एक पाय टेबलावर, दुसरा गुडघा न वाकवता मी उचलायचा, साधारण ८० अंशापर्यंत गेला तर ठीक. पण नजर उचललेल्या पायावर नाही, खालच्या मांडीवर आणि कंबरेवर ठेवायची, त्या हलल्या की तिथेच थांबायचं, कारण पुढचे अंश खुब्याचे नसतात. आणि पोटरीपर्यंत करंटसारखी कळ गेली तर तो मसल नाही, नर्व्ह आहे, तिथे ताणत बसायचं नाही.

मोजायला गोनिओमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या लावल्यासारखा. गुडघा मोजताना मधला स्क्रू सांध्याच्या बाहेरच्या बाजूला, एक पट्टी खुब्याच्या हाडाकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. दोन माणसांनी मोजलं तर पाचेक अंश इकडेतिकडे होतातच, त्यामुळे एवढ्याशा फरकावर पेढे वाटू नका.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते म्हणजे आधी पेशंटने स्वतः हलवायचं, मग मी हलवायचं. एखाद्या काकांचा हात स्वतःहून खांद्यापर्यंतच येतो पण मी उचलला की वर कानापर्यंत जातो, तिथे सांधा मोकळा आहे, ताकदीचा किंवा टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा) प्रॉब्लेम शोधायचा. माझ्याच्यानेही हलत नाही, आणि कोपर कुशीला टेकवून हात बाहेर फिरवतानाही अडकतो, तर फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडल्याचा संशय, त्यात शुगर असेल तर जास्तच.

घरी करायची असेल तर घोट्याची टेस्ट करा, इंडियन टॉयलेटला बसता न येणाऱ्यांचा घोटाच बऱ्याचदा अडलेला असतो. अंगठा भिंतीपासून १० सेंमी, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघायचं, दोन्ही पायांनी, डावा-उजव्यातला फरक जास्त बोलतो. आणि प्लीज, वॉर्मअप करून आकडा फुगवू नका, पुढच्या वेळी तेवढाच वॉर्मअप कुणाच्या लक्षात राहत नाही.