फ्लॅटफर्डची पाणचक्की

पाणचक्की म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छत्रपती संभाजीनगरची येते. मला मात्र इंग्लंडच्या सफक परगण्यात, स्टौर नदीकाठी उभ्या असलेल्या फ्लॅटफर्डच्या चक्कीचे विलक्षण आकर्षण आहे. तिच्या भिंतीवरील शिळेवर 1733 हे वर्ष कोरलेले असले, तरी बांधकामाचा काही भाग त्याहून जुना असावा, आणि तिला लागून असलेले चक्कीवाल्याचे घर तर सतराव्या शतकातले आहे. लाल विटांची ही भक्कम इमारत थेट पाण्याला भिडते, कारण नदी येथे दुहेरी काम करी: तिच्याच प्रवाहावर जाती फिरत आणि तिच्याच पात्रातून सपाट तळाच्या नावांमधून पीठ बाहेर जाई. चक्कीचे मालक गोल्डिंग कॉन्स्टेबल हे सधन व्यापारी होते. त्यांचा मुलगा जॉन याने काही काळ धंद्यात घालवला खरा, पण अखेर पिठाऐवजी रंग निवडले (वडिलांना ते सहजी रुचले नाही), आणि 1821 सालचे ‘द हे वेन’ हे त्याचे विख्यात चित्र याच चक्कीजवळच्या पाण्याचे आहे.

आज ही वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची असून, 1946 पासून तेथे निसर्ग-अभ्यासाचे निवासी वर्ग भरतात. धान्याच्या जागी विद्यार्थी आले, हा बदल मला संग्रहालयाहून अधिक पटतो.