सहल पॅटर्सनची आणि फॉर्ममधला एक रकाना

आठवीच्या मुलांना पॅटर्सन या न्यू जर्सीतल्या जुन्या गिरण्यांच्या शहरात न्यायची परवानगी अखेर मिळाली, मुलं जाऊन आली, सहल उत्तम झाली. तरी आमच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसच्या, म्हणजे भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या कचेरीच्या, सहलीच्या फॉर्मचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. न्यू जर्सीतच सोशल स्टडीज शिकवणाऱ्या एक-दोन मराठी मैत्रिणींनी ‘कसं जमवलंस गं?’ म्हणून विचारलं, तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते.

मी इथल्या एका सरकारी शाळेत आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवते. न्यू जर्सीत २०२२-२३ पासून मिडल स्कूलमध्ये नागरिकशास्त्राचे किमान दोन क्वार्टर (म्हणजे अर्धं शालेय वर्ष) सक्तीचे झाले. कायदा चांगला आहे, मला तो मनापासून पटतो. पण आमच्याकडे त्याची वाटणी अशी झाली की पहिलं अर्धं वर्ष राज्यघटना आणि सरकार, आणि दुसऱ्या अर्ध्यात गिरण्या, रेल्वे, कामगार. मुलं नाताळच्या सुट्टीपर्यंत सरकारच्या तीन शाखा पाठ करतात, परीक्षा देतात आणि विसरून जातात. मार्चमध्ये यंत्रमाग आले की घटनेचं नावसुद्धा कुणी काढत नाही. घटना लिहिणारी माणसं वेगळी, गिरण्या काढणारी वेगळी, असंच त्यांच्या मनात बसतं. हे चूक आहे, आणि चूक का आहे ते दाखवणारी जागा आमच्या शाळेपासून बसने तासाभरावर आहे.

विल्यम पॅटर्सन हा १७८७ च्या घटना परिषदेत न्यू जर्सीचा प्रतिनिधी होता. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार प्रतिनिधी हवे होते. त्याविरुद्ध १५ जूनला त्याने न्यू जर्सी योजना मांडली, की प्रत्येक राज्याला एकच मत. पुढे तडजोड झाली आणि सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान जागा मिळाल्या, त्या आजही आहेत. हाच माणूस १७९१ मध्ये न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. त्या वर्षी नव्या सरकारचा ट्रेझरी सेक्रेटरी (अर्थमंत्री) अलेक्झांडर हॅमिल्टन कारखानदारीवरचा अहवाल तयार करत होता. डिसेंबरमध्ये तो अहवाल काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, गेला. त्याआधी नोव्हेंबरमध्येच न्यू जर्सीच्या विधिमंडळाने हॅमिल्टनच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या ‘सोसायटी फॉर एस्टॅब्लिशिंग युजफुल मॅन्युफॅक्चर्स’ या कंपनीला सनद दिली. सनदेवर सही गव्हर्नर पॅटर्सनची. कंपनीने पसेइक नदीवरच्या ७७ फूट उंचीच्या धबधब्यापाशी जागा निवडली आणि गावाला गव्हर्नरचंच नाव दिलं. लहान राज्यांसाठी भांडलेला घटनाकार आणि अमेरिकेतलं पहिलं नियोजित औद्योगिक शहर, दोघांचं नाव एकच! यापेक्षा चांगला धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार?

आता फॉर्म.

आमच्याकडे फिल्ड ट्रिपचा अर्ज ऑनलाइन असतो. आधी प्रिन्सिपल, मग विषयाचे सुपरवायझर, मग डिस्ट्रिक्टचं करिक्युलम ऑफिस, मग बिझनेस ऑफिस, आणि शेवटी बोर्ड ऑफ एज्युकेशनची मासिक सभा. बोर्डाच्या ठरावाशिवाय बस हलत नाही. प्रिन्सिपलनी लगेच सही केली, सुपरवायझरनीही केली. अर्ज अडकला तो तिसऱ्या पायरीवर.

फॉर्मवर ‘संबंधित युनिट’ असा एक रकाना आहे. त्यावर क्लिक केलं की यादी उघडते आणि त्यातलं एकच युनिट निवडता येतं. मी ‘घटना आणि प्रारंभीचं सरकार’ निवडलं, कारण हॅमिल्टन आणि पॅटर्सन दोघेही तिथलेच. अर्ज परत आला. शेरा असा: ठिकाण औद्योगिक आहे, युनिट जुळत नाही. मी ‘औद्योगिक काळ’ निवडून पुन्हा पाठवला. पुन्हा परत. या वेळचा शेरा तर वाचूनच घ्या: उद्देशाच्या परिच्छेदात घटना परिषदेचा उल्लेख आहे, ते युनिट जानेवारीत संपलेलं आहे, संपलेल्या युनिटसाठी शाळेचा वेळ देता येत नाही.

एका ऑफिसने एकाच सहलीला दोन्ही बाजूंनी बाद केलं. ज्या गोष्टीसाठी सहल काढायची होती, म्हणजे सरकार आणि उद्योग यांचं नातं, तीच गोष्ट त्या रकान्यात मावत नव्हती.

दर वेळी अर्ज परत आला की साखळी पहिल्यापासून सुरू होते. प्रिन्सिपलची सही पुन्हा, सुपरवायझरची पुन्हा. बोर्डाचा अजेंडा सभेच्या बराच आधी बंद होतो. तो चुकला की थेट पुढच्या महिन्यात. बस कंपनीचं कोटेशन ठरावीक मुदतीपुरतंच चालतं, ती संपली की नवं मागवा, आणि वसंत ऋतूत सगळ्याच शाळांना बस हव्या असल्यामुळे नवं कोटेशन चढंच येतं. पुढे राज्याच्या परीक्षा, आणि त्या काळात मुलं शाळेबाहेर काढता येत नाहीत. म्हणजे मला मिळणार होते ते एप्रिलमधले थोडे दिवस, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चालले होते.

फोन केला. पलीकडच्या बाई अतिशय सभ्य होत्या. म्हणाल्या, ‘सिस्टीम एकच युनिट घेते, मी काय करणार?’ निर्णय कोण घेतं विचारलं, तर ‘टीम घेते.’ टीममधल्या कुणाशी बोलता येईल का? ‘तुम्ही अर्जात लिहा, ते वाचतात.’ मी अर्जातच तर लिहिलं होतं! मेल केले; त्यांचं ‘मिळालं’ एवढंच उत्तर यायचं. इतिहासात एम.ए. केलेल्या आणि वर्षानुवर्षं हा विषय शिकवणाऱ्या शिक्षिकेला, हॅमिल्टन कोणत्या प्रकरणात बसतो हे एका यादीने सांगावं, याचा मला फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

त्या ऑफिसची बाजूही मला कळते. सहलीच्या नावाखाली नुसती मजा करायला जाणारे अर्ज त्यांच्याकडे येत असणार, त्यांना चाळणी लावावीच लागते. पण चाळणी लावणाऱ्याने समोर आलेलं वाचावं तरी.

मग मी उद्देशाचा परिच्छेद नव्याने लिहिला. धबधबा, निसर्ग, अनुभव हे सगळं काढून टाकलं आणि फक्त घटनेचं कलम १, विभाग ८ धरलं. काँग्रेसचे अधिकार या विभागात मोजून दिलेले आहेत. त्यात राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन आहे आणि पेटंटही आहे. १९१६ मध्ये काँग्रेसने याच व्यापाराच्या अधिकारावर बालकामगारांविरुद्ध कीटिंग-ओवेन कायदा केला. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॅमर विरुद्ध डॅगनहार्ट खटल्यात तो ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला: कारखान्यात माल तयार करणं म्हणजे व्यापार नव्हे, म्हणून. १९३८ मध्ये बालमजुरीवर बंधनं घालणारा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट आला आणि १९४१ मध्ये त्याच न्यायालयाने आपला जुना निकाल फिरवून हा नवा कायदा टिकवला. गिरणीतल्या मुलाची सुटका घटनेतल्या एका कलमाच्या अर्थावर इतकी वर्षं अडून होती. हे शिकवायला घटनेचं युनिट ‘संपलेलं’ कसं चालेल?

हा परिच्छेद घेऊन मी सुपरवायझरकडे गेले आणि सरळ म्हटलं, हे तुम्ही स्वतः तिकडे जाऊन सांगा, मी पुन्हा नुसतं बटण दाबणार नाही. ते गेले. आणि तिथे त्यांना जे कळलं ते फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नाही: युनिट एकच निवडता येतं, पण खालच्या ‘मानके’ (मुलांनी काय शिकायचं याची राज्याने ठरवलेली यादी) या रकान्यात त्या मानकांचे हवे तितके कोड स्वल्पविराम देऊन टाकता येतात, आणि ऑफिस तपासतं ते खरं म्हणजे तेच. आठवीच्या अमेरिकन इतिहासाचे कोड ६.१.८ ने सुरू होतात. युनिटमध्ये ‘औद्योगिक काळ’ ठेवायचं, आणि कोड मात्र नागरिकशास्त्राचे आणि अर्थव्यवस्थेचे दोन्ही. तसं केलं आणि अर्ज मंजूर झाला. इतकी साधी गोष्ट पहिल्या फोनवर सांगितली असती तर माझा हिवाळा वाचला असता! बोर्डाच्या सभेत ठराव वाचून पास झाला तेव्हा मी घरी ऑनलाइन बघत होते. मोठ्याने ‘झालं एकदाचं!’ ओरडले.

तेव्हा तुम्ही अर्ज करणार असाल तर आधी मानकांचा रकाना भरा, बाकीचं नंतर. आणि सुपरवायझरला सुरुवातीपासून बरोबर घ्या. शिक्षकाचा मेल पडून राहतो, त्यांचा राहत नाही.

जायच्या आधी वर्गात दोन गोष्टी नक्की करून घ्या. एक, १७८७ चा वाद. मुलांना राज्यं वाटून द्या आणि १७९० च्या जनगणनेचे आकडे हातात द्या: व्हर्जिनिया साडेसात लाखांच्या आसपास, न्यू जर्सी १ लाख ८४ हजार, डेलावेअर ५९ हजार. गुलाम मोजायचे की नाही, हा प्रश्न मुलं स्वतःच काढतात; तीन-पंचमांश तडजोड (प्रतिनिधी ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं मोजायची) तिथे समजते, व्याख्या देऊन समजत नाही. दोन, फळ्यावर साडेतेरा तासांचा दिवस आखा. पॅटर्सनच्या गिरण्यांत १८३५ मध्ये इतके तास काम होतं आणि कामगारांत मुलं पुष्कळ होती. त्या जुलैत २० गिरण्यांमधले दोन हजारांवर कामगार संपावर गेले. मागणी होती रोज ११ तासांची. पदरात पडले १२ तास, शनिवारी ९. माझ्या वर्गातली मुलं तेरा वर्षांची आहेत. पहाटेपासून खडूने रेघ ओढत गेले आणि ‘इथे तुमची शाळा सुटते’ असं म्हणून रेघ तशीच पुढे संध्याकाळपर्यंत नेली, तेव्हा एरवी गप्प न बसणारा वर्ग नीट बघत होता. एका मुलीने विचारलं, ‘मग काँग्रेसने हे थांबवलं का नाही?’ याच प्रश्नासाठी मी तो फॉर्म लढवला होता.

मराठी माणसाला इथे गिरणगाव आठवणारच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, हे मी वर्गात दोन मिनिटांत सांगते. माझ्या वर्गात भारतीय मुलं बरीच आहेत आणि त्यांनाही हे पहिल्यांदाच कळतं.

सहलीचा दिवस स्वच्छ होता. पुलावर उभं राहिलं की धबधब्याचे तुषार थेट अंगावर येतात, म्हणून वह्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. नुसता धबधबा बघून परतू नका. गिरण्यांना पाणी पुरवणारे कालवे चालत दाखवा. पहिला कालवा १७९४ चा. हॅमिल्टनच्या सोसायटीची हकीकतही तिथेच सांगा: १७९२ च्या आर्थिक पडझडीत तिचा प्रमुख विल्यम ड्युअर कर्जापायी तुरुंगात गेला, सुताची गिरणी १७९६ मध्ये बंद पडली, आणि मग सोसायटी स्वतः कारखाने चालवण्याऐवजी इतरांना पाणी आणि जागा भाड्याने देऊ लागली. मोठ्या माणसाची मोठी योजनाही आधी बुडते, हे तेरा वर्षांच्या मुलांना फार आवडतं. आणि त्या गिरण्यांतला कापूस कुणी वेचला होता हे विचारल्याशिवाय तिथून निघू नका. १७९३ मध्ये व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं आणि दक्षिणेतली गुलामी कमी होण्याऐवजी पसरली.

पॅटर्सन म्युझियम जुन्या रॉजर्स लोकोमोटिव्ह कारखान्यात आहे. जॉन हॉलंडने बनवलेल्या सुरुवातीच्या पाणबुड्या तिथे आहेत. मुलं तिथून हलत नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा. १९१३ च्या रेशीम संपाच्या सभा जिथे भरत ते हेल्डनचं बोटो हाउस जवळच आहे, पण एका दिवसात दोन्ही होत नाही, कारण बस सकाळच्या फेऱ्या संपल्यावर मिळते आणि शाळा सुटायच्या आत परत द्यावी लागते. लहान गट असेल तर ते वेगळं करा.

नर्सचं आधी विचारा. दम्याचा पंप किंवा ॲलर्जीचं इंजेक्शन असलेलं एक जरी मूल असेल, तरी बरोबर कोण येणार हे आमच्याकडे लेखी लागतं. मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांच्या डब्याच्या पिशव्या कॅफेटेरियाला पुरेशा आधी सांगाव्या लागतात. ते राहिलं तर ज्या मुलाला सर्वांत गरज आहे तेच उपाशी राहतं. लुईस हाइनने काढलेले बालकामगारांचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतात. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तेच वापरा. एखादा तास उरला तर न्यू जर्सीत १७७६ ते १८०७ या काळात मालमत्ता असलेल्या बायकांना मताचा हक्क होता आणि मग तो काढून घेतला गेला, यावर बोला. मुलींना ते माहीत नसतं आणि कळल्यावर त्या चिडतात, ते योग्यच आहे.

पुढच्या सहलीचा अर्ज मी सप्टेंबरमध्येच टाकला आहे, दोन्ही विषयांच्या कोडांसकट. युनिटच्या रकान्यात एकापेक्षा जास्त पर्याय निवडता यावेत, अशी लेखी मागणीही डिस्ट्रिक्ट ऑफिसकडे केली आहे आणि तिच्यावर आमच्या शाळेतल्या सायन्सच्या शिक्षकांच्याही सह्या घेतल्या आहेत, कारण त्यांचंही तिथेच अडतं. अजून उत्तर आलेलं नाही. आलं नाही तर बोर्डाच्या सभेत नागरिकांना बोलायची जी वेळ असते, तेव्हा उभी राहून विचारणार आहे.