१९४८ची एमजी टीसी, अपडेट ७: इंजिन बांधलं, आणि आरसी बुकातल्या लाल शाईचं कोडं सुटलं

मंडळी, चार महिने गायब होतो कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, नुसते आटे मोजत बसलो होतो. आता इंजिन बांधून झालंय, अजून चालू केलेलं नाही, पण हाताने फिरतंय आणि लोण्यासारखं फिरतंय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: टीसी ही एमजी या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीची दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली गाडी. १९४५ ते १९४९ मध्ये इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १०,००१ निघाल्या, सगळ्या राइट हँड, १२५० सीसी, ५४ हॉर्सपॉवर, १९ इंची स्पोकची चाकं, आणि दारं उलटी उघडणारी. चॅसी नंबर १ पासून नाही, ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा फोन नंबर ॲबिंग्डन २५१ होता! माझा साडेपाच हजारांच्या आसपासचा, म्हणजे १९४८ पक्कं.

आता मालकांची साखळी. आरसी बुकात पहिला मुंबईतला एक साहेब, १९५३ला साताऱ्याचे डॉक्टर, १९६६ला मिरजेकडचे साखर कारखान्यातले इंजिनियर, मग त्यांचा मुलगा, आणि २०१९ला मी. घोळ होता तो इंजिन नंबरचा. जुना नंबर लाल शाईने खोडून वर नवीन लिहिलेला, कारकुनाची सही, साल १९५७. मला वाटलं कुणीतरी भानगड केलीय. ब्लॉकवरची अष्टकोनी पितळी चकती रॉकेलने घासली तर अक्षरं दिसली, एक्सपीएजी/टीडी (एक्सपीएजी हा या इंजिनाचा प्रकार). म्हणजे इंजिन नंतरच्या टीडी मॉडेलचं! त्याच घराण्यातलं, त्यामुळे बसलं आरामात. डॉक्टरांनी इंजिन बदललं आणि आरटीओत जाऊन रीतसर नोंदही केली, आपल्यातले किती जण करतात हो?

नंतरच्या कुठल्यातरी फिटरला मात्र मी माफ करणार नाही. या इंजिनाची गंमत अशी की बोल्टचे आटे मेट्रिक पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची. मॉरिस या इंग्लिश मोटार कंपनीवाल्याने १९२३ला कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, तिथली मशिनं फ्रेंच मापाची, म्हणून आटे तसेच ठेवले आणि डोकी मात्र इंग्लिश पान्यांना बसतील अशी केली. त्यामुळे ८ एमएमचा बोल्ट असतो पण पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ एमएम, आणि आपल्या दुकानात ८चा बोल्ट मागितला की १.२५ पिचचा मिळतो. या पठ्ठ्याने तोच घेऊन सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) पाच भोकांत जोर लावून बसवलेला. मी पहिला बोल्ट काढला तर आट्याची स्प्रिंगसारखी तार बोल्टला गुंडाळून बाहेर आली, ती बघून दोन मिनिटं जमिनीवरच बसलो. लेथवाले मामा म्हणाले "मोठं भोक पाड, १०चा टाक." नाही म्हटलं. १ पिचची हेलिकॉइल (खराब भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) इंग्लंडहून मागवली, पोस्टेज मालापेक्षा जास्त, पण बसली झकास.

लाकडाचं उलटंच झालं. बॉडीची फ्रेम ॲश लाकडाची असते, तिला वाळवीने पार पोखरलेली, बोटाने दाबली की पिठासारखी. पण डाव्या दाराचा खांब ठणठणीत. खरवडून बघितला तर सागवान, आणि आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने मराठीत "डावा, मागचा". हाही साताऱ्यात बदललेला असणार. बाकीची फ्रेम ॲशमध्ये करतोय, हा खांब तसाच ठेवणार. ओरिजिनलवाल्यांनी खुशाल शिव्या द्याव्यात.

कागदांचं सांगायचं तर २०२१च्या व्हिंटेज नियमात ५० वर्षांपुढची गाडी ओरिजिनल अवस्थेत असेल तर नोंदवता येते आणि आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो, म्हणून मी व्हिंटेज गाड्यांच्या नव्या नंबरांच्या व्हीए सिरीजच्या नादी लागलेलो नाही.

राहिला रंग. वरचा क्रीम इंजिनियर साहेबांच्या मुलाने मारलेला, खाली लाल, त्याच्या खाली हिरवा, आणि डॅशबोर्डच्या मागे जिथे ब्रश कधी पोचलाच नाही तिथेही हिरवाच. बुकातही ग्रीन. माझं ठरलं होतं. परवा इंजिनियर साहेबांच्या मिसेसना, म्हणजे काकूंना, फोन केला, वय ८६, आवाज खणखणीत. म्हटलं काकू, गाडी हिरवी करतोय. "हिरवी? अहो आमची लाल होती. त्या उलट्या दारात माझा पदर अडकला होता नरसोबाच्या वाडीला जाताना, अर्धा फर्लांग बोंबलत गेले, यांना इंजिनच्या आवाजात ऐकूच येईना."

पेंटरला दोन आठवड्यांत उत्तर द्यायचंय.