फ्लॅपबद्दल कोणाचं ऐकावं? सेस्ना १७२ वरचे सल्ले पारखताना आलेला अनुभव

सेस्ना १७२ या छोट्या प्रशिक्षण विमानावर टेक-ऑफला फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे, खाली वळवता येणारे भाग) किती अंश ठेवायचे, हे चार अनुभवी वैमानिकांना विचारा. उत्तरं वेगवेगळी येतात आणि प्रत्येकजण ठाम असतो. शिकाऊ मुलं मग ज्याच्या लॉगबुकात तास जास्त, त्याचं ऐकतात. मी तास नंतर बघतो. आधी विचारतो: विमान कुठलं मॉडेल, कुठल्या सालचं?

१९७० च्या दशकातलं १७२एम घ्या. इंजिन १५० अश्वशक्तीचं, कमाल वजन २,३०० पौंड. त्याच्या पुस्तिकेप्रमाणे १० अंश फ्लॅपने जमिनीवरची धाव साधारण १० टक्के कमी होते, पण ५० फुटी अडथळ्यापर्यंत चढता चढता तो फायदा संपतो. म्हणून समोर अडथळा असेल तर फ्लॅप वरच ठेवायचे. १० अंश फक्त कमीत कमी धावेसाठी किंवा मऊ, खडबडीत धावपट्टीसाठी. आता १७२एस बघा: १८० अश्वशक्ती, २,५५० पौंड. तिथे १० अंशाने धावही कमी होते आणि अडथळ्यापर्यंतचं एकूण अंतरही, दोन्ही साधारण १० टक्के. छोट्या पट्टीवरून निघताना १० अंश आणि ५० फुटांवर ५६ नॉट (ताशी सागरी मैल), असं हँडबुक, म्हणजे त्या विमानाची अधिकृत पुस्तिका, सांगतं. म्हणजे एकमेकांना खोडून काढणारे दोन प्रशिक्षक दोघेही बरोबर असू शकतात. मॉडेल न विचारता उत्तर देणारा मात्र माझ्या हिशेबी तिथेच मागे पडतो.

दुसरा प्रश्न: हे हँडबुकात कुठे लिहिलंय? दुसऱ्या प्रकरणात मर्यादा असतात, त्या बंधनकारक. चौथ्यात नेहमीच्या कार्यपद्धती, पाचव्यात अंतरांचे तक्ते. १७२एसला टेक-ऑफसाठी ० ते १० अंशच मंजूर आहेत, आणि ते दुसऱ्या प्रकरणात आहे. त्यामुळे ‘आम्ही २० अंश लावून उठवायचो’ हा अनुभव कितीही खरा असला तरी या विमानावर सल्ला म्हणून चालत नाही. उलट ‘१० च्या वर कधीच नाही’ हा सरसकट नियमही चुकीचाच. पायपर पीए-२८ च्या मॉडेलांत छोट्या पट्टीवरून निघताना २५ अंश, म्हणजे लिव्हरची दुसरी खाच लावतात. गोंदियाला प्रशिक्षणात असलेल्या डायमंड डीए४० ला तर टेक-ऑफसाठी फ्लॅपची वेगळी जागाच दिलेली आहे.

झटपट पारख करायची असेल तर वेगमापकावरच्या, फ्लॅपसाठीचे वेग दाखवणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याबद्दल विचारावं. १७२एसच्या वेगमापकावर तो ८५ नॉटला संपतो, म्हणून बरेचजण ८५ च्या वर फ्लॅपला हातच लावू नये असं सांगतात. पण ८५ ही १० अंशाच्या पुढची मर्यादा आहे. १० अंशापर्यंत ११० नॉट चालतात. त्याच दमात जो आठवण करून देतो की फ्लॅप खाली असताना विमानाची भार सोसायची मर्यादा ३.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३.८ पट) वरून ३ जी वर येते, त्याने हँडबुक नीट वाचलंय.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांत होतो. फ्लॅप न लावता उतरलं तर पट्टी किती जास्त लागेल? एक लोकप्रिय उत्तर असं: वेगमापकावर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते) फ्लॅपशिवाय ४८ आणि पूर्ण फ्लॅपला ४०, त्यांच्या गुणोत्तराचा वर्ग १.४४, म्हणून टेकताना गतिज ऊर्जा ४४ टक्के जास्त. गणित बरोबर, पण आकडे चुकीचे उचललेले. कमी वेगाला, नाक वर असताना, वेगमापक बराच कमी दाखवतो. दुरुस्त केलेले वेग ५३ आणि ४८ आहेत, त्यांचा वर्ग येतो जेमतेम १.२२. मग पट्टी २२ टक्केच जास्त धरायची का? तसंही नाही. हँडबुक फ्लॅपशिवायच्या लँडिंगला अप्रोचचा (पट्टीकडे उतरत येतानाचा) वेग ९ नॉटने वाढवायला आणि अंतर ३५ टक्के जास्त धरायला सांगतं. ६१ चे ७० नॉट होतात, उतार सपाट होतो, ओढ कमी असल्यामुळे विमान पट्टीवर तरंगत राहतं. मी ३५ धरतो. आणि स्टॉलचा आकडा वेगमापकावरचा की दुरुस्त केलेला, हे आपणहून सांगणाऱ्याचं पुढचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो.

गो-अराउंडबद्दल (उतरणं सोडून पुन्हा वर चढण्याबद्दल) ‘फ्लॅप लगेच उचला’ एवढंच कोणी सांगितलं तर तो सल्ला अर्धवट आहे. १७२एसवर पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप २० अंशांवर, ६० नॉट. मग अडथळा पार होईपर्यंत १०, त्यानंतर शून्य. ३० वरून, म्हणजे पूर्ण फ्लॅपवरून, एकदम शून्यावर आणले तर लिफ्ट (पंखांची उचल) जाते आणि जमिनीजवळ विमान बसतं.

शेवटी स्लिप, म्हणजे विमान मुद्दाम तिरकं सरकवत उंची कमी करणं. ‘फ्लॅप लावून स्लिप केली की १७२ पडतं’ आणि ‘काही होत नाही, मी रोज करतो’, दोन्ही ऐकायला मिळतं. इथे मी सेस्नात चाचणी-उड्डाण आणि वायुगतिकी विभाग सांभाळलेल्या विल्यम थॉम्पसन यांचं स्पष्टीकरण प्रमाण मानतो, कारण त्या चाचण्या त्यांच्याच विभागाच्या. मोठे फ्लॅप आल्यावर काही ठरावीक वेग, स्लिपचा कोन आणि गुरुत्वमध्य जुळून आले की नाक एकदम खाली जायचं. १९७२ च्या १७२एलला शेपटीपुढचा उभा पंख मोठा केला आणि ते थांबलं, पण फ्लॅप लावून स्लिप टाळा असं सांगणारी विमानातली सूचनेची पट्टी कायम राहिली. पुढे १७२पीला ती नाकाच्या हलक्या वरखाली हालचालीसाठी लागू होती, फ्लॅपच्या बाहेरच्या टोकाचे भोवरे आडव्या शेपटीवर आदळल्यामुळे होणाऱ्या. तेव्हा स्लिपबद्दल सांगणाऱ्याला मी दोनच गोष्टी विचारतो: यातल्या कुठल्या परिणामाबद्दल बोलताय, आणि तुम्ही उडवलेलं विमान १९७२ च्या आधीचं की नंतरचं? आणि तोवर, स्लिप टाळायला सांगणारी सूचनेची पट्टी ज्या विमानात लावलेली आहे, त्यात फ्लॅप जास्त खाली असताना मी स्लिप करत नाही.