मरणारा मोनोसाइट की चिकटलेल्या प्लेटलेट?

बेळगाव, ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली, की साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि थोड्याच दिवसांत डेंग्यूच्या नळ्या वाढायला लागतात. आज खानापूर आणि निपाणी, दोन्हीकडचं रक्त आलं. प्रश्न एवढाच आहे: तापाच्या दिवसांत मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मरतात का, आणि मरत असतील तर कुठल्या वाटेने?

निपाणीची नळी बर्फात घालून पाठवू नका, हे पुन्हा कळवायला हवं. गारठ्याने प्लेटलेट चेकाळतात, म्हणजे उगाच सक्रिय होतात. १८ ते २५ अंशांत, उभी ठेवून, सहा-आठ तासांच्या आत पोचली की पुरे. नळी हेपारिनची (रक्त गोठू न देणारं औषध) हवी. ईडीटीएही गोठू देत नाही, पण ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि ॲनेक्झिन-व्ही (मरणाऱ्या पेशी ओळखायला घालतो ते रंग लावलेलं प्रथिन) कॅल्शियमशिवाय पेशीला चिकटतच नाही. ईडीटीएचीच नळी आली, तर पेशी नीट धुवून घ्याव्या लागतात.

४ मिली रक्तात ४ मिली पीबीएस (पेशींना मानवणारं क्षारांचं पाणी). १५ मिलीच्या नळीत तळाला १.०७७ घनतेचं ४ मिली फायकॉल (घनतेवरून पेशी वेगळ्या करणारा द्राव), त्यावर हे पातळ रक्त कडेने अगदी हळू. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळून निघतात. एप्रिल-मेमध्ये खोली तापलेली असते तेव्हा फायकॉलही तापतं, त्याची घनता उतरते आणि हव्या त्या पेशी खाली निसटतात. फ्रिजमधून काढून तसंच वापरलं तर उलटं होतं, तांबड्या पेशी वरच अडकतात. मोनोसाइट असलेला मधला सायीसारखा पांढुरका थर तेवढा पिपेटने उचलायचा.

इथपर्यंतचं काम बहुतेक जण नीट करतात. घोटाळा पुढे होतो.

मरू लागलेली पेशी पडद्याच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरिन (एक मेद) बाहेर आणते आणि ॲनेक्झिन ते ओळखतं. पण चेकाळलेल्या प्लेटलेटही तेच बाहेर दाखवतात आणि मोनोसाइटला जाऊन चिकटतात. एकेक पेशी मोजणाऱ्या मशीनला (फ्लो सायटोमीटर) दोन्ही मिळून एकच कण दिसतो: सीडी१४ (मोनोसाइटची खूण) आहे, ॲनेक्झिन आहे, म्हणजे मरणारा मोनोसाइट! प्रत्यक्षात तो ठणठणीत असू शकतो. डेंग्यूत प्लेटलेटची संख्या उतरते, पण उरलेल्या जास्त चेकाळलेल्या असतात. म्हणजे ही चूक निरोगी माणसाच्या रक्तात कमी आणि रुग्णाच्या रक्तात जास्त, नेमकी आपल्याला हव्या त्या दिशेला. अशी चूक पकडणं सगळ्यात अवघड, कारण आकडा बघून आनंद होतो.

म्हणून धुताना २०० जी, १० मिनिटं, दोनदा. वरचं पाणी गढूळ दिसलं तर तिसऱ्यांदा. शिवाय सीडी४१चा (प्लेटलेटची खूण) रंग प्रत्येक नळीत हवाच. सीडी४१ असलेले मोनोसाइट वेगळे मोजायचे. ते फेकूनही द्यायचे नाहीत, कारण प्लेटलेट चिकटलेला मोनोसाइट हासुद्धा या आजारातला खरा बदल असू शकतो.

रंगवताना १०० मायक्रोलिटर बफरमध्ये एक लाख पेशी, बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ५ मायक्रोलिटर ॲनेक्झिन, अंधारात १५ मिनिटं. नंतर साध्या पीबीएसने धुतलं की कॅल्शियम जातं आणि रंगही सुटतो.

ॲनेक्झिन आहे पण पीआय (पडदा फुटलेल्या पेशीतच शिरणारा रंग) नाही, ती पेशी ॲपॉप्टोसिसच्या (शिस्तीत, आखीव मरण) सुरुवातीला आहे असं म्हणता येतं. दोन्ही असतील तर मात्र फक्त 'पडदा फुटला' एवढंच म्हणावं. ॲपॉप्टोसिस शेवटाला पोचला, गॅसडर्मिन-डी या प्रथिनाने छिद्रं पाडून पायरॉप्टोसिस झाला, की एमएलकेएल या प्रथिनाने पडदा फाडून नेक्रॉप्टोसिस झाला, हे त्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांवरून कळत नाही. आणि फरक मोठा आहे. पहिल्या वाटेने गेलेली पेशी शेजारची मॅक्रोफेज (भक्षक पेशी) गुपचूप गिळते. दुसऱ्या दोन वाटांनी गेलेली पेशी आतला माल बाहेर सांडते आणि दाह भडकतो. त्यासाठी या तीन वाटांच्या अनुक्रमे खुणा, म्हणजे कास्पेज-३, कास्पेज-१ आणि फॉस्फरिलेटेड एमएलकेएल, वेगळे बघावे लागतात. झेड-व्हॅड (कास्पेज रोखणारं रसायन) घालून मरण थांबतं का, तेही.

विषाणूचं प्रथिन पेशीच्या आत शोधायचं असेल तर पेशी फिक्स करून (रसायनाने आहे तशी थिजवून) पडद्याला भोकं पाडावी लागतात. मग पीआय सगळ्यांनाच रंगवतो, त्याचा उपयोग संपला. तिथे फिक्स होणारा व्हायेबिलिटी डाय (मेलेली पेशी ओळखणारा रंग) घ्यायचा, तोही फिक्स करण्याआधी आणि सीरम नसलेल्या पीबीएसमध्ये, कारण सीरममधली प्रथिनंच तो पिऊन टाकतात. हा खटाटोप टाळू नये. विषाणू न शिरलेल्या पेशीही मरतात, आणि मेलेली पेशी बाधित होती की नुसती शेजारी होती, हे याशिवाय कळायला मार्ग नाही.

उद्याच्या नळ्यांबरोबर निरोगी माणसाचं रक्त त्याच वेळी काढलेलं आणि तेवढाच वेळ ठेवलेलं हवं. त्यातलाच एक वाटा १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिनमध्ये (पेशींना मुद्दाम मारणारं रसायन) चार तास. त्यात ॲनेक्झिन चढलं नाही, तर त्या दिवसाचे रुग्णांचे आकडे वहीत मांडायचे नाहीत. आधी बफर नव्याने करायचा.