डेम्पस्टर हायवेवर जाताना: स्टेपनी दोन, घाई शून्य

कॅनडाच्या युकॉनमध्ये डॉसन सिटीच्या पूर्वेला 40 किलोमीटरवर क्लॉन्डाइक हायवेला एक फाटा फुटतो. हाच डेम्पस्टर हायवे. तिथून उत्तरेला इनुविक गावापर्यंत 736 किलोमीटर. दोन्ही टोकांचा थोडा भाग सोडला तर सगळा रस्ता खडी-मुरमाचा आहे. 1979 साली तो पूर्ण खुला झाला. 2017 च्या नोव्हेंबरात इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा सुमारे 138 किलोमीटरचा पुढचा तुकडा जोडला गेला, तेव्हापासून गाडीने थेट आर्क्टिक महासागराला पोचता येतं.

हा रस्ता असा खडीच्या भरावावर का आहे, हे आधी समजून घ्यायला हवं. खालची जमीन बारमाही गोठलेली आहे. त्या बर्फाला उन्हाची ऊब लागली की जमीन खचते. म्हणून रस्ता जमिनीत न खोदता तिच्यावर भराव घालून उचललेला आहे. काही ठिकाणी हा भराव 2.4 मीटरपर्यंत जाड आहे. त्याचं काम वजन पेलण्याइतकंच खालचा बर्फ थंड ठेवण्याचंही आहे. रस्त्याकडेची काटकुळी स्प्रूस झाडं वाकडीतिकडी झुकलेली दिसतात, तीही याच गोठण्या-वितळण्यामुळे.

आता टायर. इथल्या भरावात शेल या थराथराच्या खडकाचे चपटे, धारदार तुकडे असतात. चाकाखाली ते उभे राहतात आणि टायर कापतात. ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागात, भोक पडलं तर ट्यूबलेस किटची रबरी बत्ती घालून काम भागतं. बाजूची भिंत चिरली तर कुठलंही किट उपयोगाचं नाही, चाकच बदलावं लागतं. म्हणून पूर्ण आकाराच्या दोन स्टेपनी हव्यात. कारखान्यातून येणारी ती बारकी तात्पुरती स्टेपनी या रस्त्यावर धरूच नका. शक्य असेल तर 10 प्लायचे, हलक्या ट्रकचे टायर घ्या. धक्के कमी बसावेत म्हणून हवा कमी करायचा मोह होतो, पण तो टाळा. हवा उतरवली की टायर बाहेर फुगतो आणि नेमकी कमकुवत बाजूच दगडांपुढे येते. दारावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब सकाळी टायर थंड असताना तपासा. सोबत 12 व्होल्टचा पंप ठेवा. जॅकखाली ठेवायला फळीचा जाड तुकडाही घ्या, नाहीतर ओल्या मुरमात जॅक रुततो. निघण्याआधी घराच्या दारात एकदा चाक बदलून पाहा. पान्याला नट बसत नाही, हे तीनशे किलोमीटर आत जाऊन कळायला नको.

ताशी 60 ते 70 किलोमीटरचा वेग पुरे. समोरून ट्रक आला की आणखी हळू व्हा आणि उजवीकडे सरका, पण साइडपट्टीवर उतरू नका. भरावाची कड मऊ असते, चाक गेलं की गाडी खाली ओढली जाते. पाऊस पडल्यावर ईगल प्लेन्स या वाटेतल्या पहिल्या पेट्रोलपंपाच्या पुढे चिकणमातीचे टप्पे निसरडे होतात. तिथे जोर लावण्यापेक्षा थांबलेलं बरं. काही ठिकाणी रस्ता एकदम रुंद होतो. ती विमानाची धावपट्टी आहे, तिथे फोटोसाठी गाडी उभी करू नये. भाड्याच्या गाडीचा करार आधी नीट वाचा. बऱ्याच करारांत खडीच्या रस्त्याला सरळ मनाई असते, आणि मग विमाही लागू होत नाही.

इंधनाचं गणित सोपं, पण कडक आहे. डॉसन ते ईगल प्लेन्स (फाट्यापासून किलोमीटर 369) म्हणजे जवळपास 410 किलोमीटर, आणि मध्ये पंप नाही. खडी, चढ आणि समोरचा वारा यांत 100 किलोमीटरला 12 लिटर लागले, तर 50 लिटरची टाकी जेमतेम पुरते. 20 लिटरचा एक कॅन सोबत असू द्या. पुढचा पंप फोर्ट मॅकफर्सनला, म्हणजे आणखी 180 किलोमीटरवर. मोबाइलला रेंज जवळपास नाहीच, त्यामुळे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हवं. अस्वलांसाठीचा स्प्रे विमानात नेता येत नाही, तो तिथेच विकत घ्यावा आणि सामानात न ठेवता कमरेला लावावा.

माझं स्पष्ट मत असं, की हातात तीनच दिवस असतील तर आर्क्टिक सर्कलच्या फलकामागे (किलोमीटर 405) लागू नका. पहिल्या 200 किलोमीटरमध्ये जे आहे ते पुढे कुठेही नाही. 71.5 व्या किलोमीटरवर टूमस्टोन पार्कचं माहिती केंद्र आहे. तिथून थोडं पुढे गेलं की दरीच्या टोकाशी टूमस्टोनचा काळा सुळका दिसतो. तो रस्त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी जा. संध्याकाळी नुसती काळी आकृती दिसते. हिमनद्यांनी इथल्या दऱ्या रुंद कोरल्या आणि कडे उभे तासले. पुढे ओगिल्व्ही पर्वतात डोंगर एकदम गुळगुळीत, राखाडी, भुसभुशीत उताराचे होतात. त्यांतला बराच भाग हिमयुगातही बर्फाखाली गेला नव्हता, त्यामुळे माथ्यावर दगडांचे झिजलेले मनोरे अजून उभे आहेत. इंजिनिअर क्रीकचं पाणी लोहामुळे तांबडं दिसतं आणि त्याला गंधकाचा वास येतो. ते पिण्यासाठी भरू नका, साध्या गाळणीने त्यातली खनिजं निघत नाहीत.

प्राणी पाहायला इथे गाडी बंद करून बसावं लागतं. टू मूस लेकवर (सुमारे 103 किलोमीटर) पहाटे मूस (इथली अवाढव्य हरणं) पाण्यात डोकं बुडवून पाणवनस्पती ओढताना दिसतात. डोकं वर आलं की शिंगांवरून पाणी निथळतं, आणि त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. खनिजं चाटायला उतरणाऱ्या पांढऱ्या डॉल मेंढ्या इंजिनिअर क्रीकच्या आसपासच्या कड्यांवर शोधा. बर्फाचा डाग समजून सोडलेला ठिपका दुर्बिणीतून चालताना दिसतो. टंड्रावर, म्हणजे बिनझाडांच्या माळावर, गवताची ढेकळं उलथून फेकलेली दिसली, तर तिथे ग्रिझली अस्वलाने मुळं किंवा बिळातली खार शोधली आहे. माती अजून ओली असेल तर गाडीतून उतरू नका. अस्वलापासून किमान 100 मीटर अंतर हवं, आणि खाणं गाडीत बंद करून ठेवायचं.

कॅरिबूंबद्दल, म्हणजे कळपाने फिरणाऱ्या उत्तरेकडच्या हरणांबद्दल, बरेच जण निराश होतात. इथला पॉर्क्युपाइन नावाचा कळप 2017 च्या मोजणीत दोन लाखांच्या घरातला होता, पण उन्हाळ्यात तो दूर उत्तरेला, किनाऱ्याकडे असतो. या रस्त्याच्या बाजूला तो साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून सरकतो. इथल्या मूळच्या ग्विचिन लोकांचं जगणं पिढ्यान्‌पिढ्या याच कळपावर उभं आहे, त्यामुळे कळप रस्ता ओलांडत असेल तर थांबा, इंजिन बंद करा आणि शेवटचं जनावर जाऊ द्या.

रंगांसाठी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा उत्तम. खुजे बर्च लालभडक होतात, विलो पिवळे पडतात, डास संपलेले असतात आणि रात्री पुन्हा काळोख होऊ लागल्याने ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. जून-जुलैत उजेड मिळतो, पण डोक्यावरून घ्यायची मच्छरजाळी लागतेच.

वाटेतल्या पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट आहे. पैसे नाहीत, बुकिंगही नाही. पण वसंतात बर्फ फुटताना आणि हिवाळ्याआधी नदी गोठताना ती काही आठवडे बंद असते, आणि मोठ्या पावसानंतर पाणी चढलं तरी थांबते. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

डॉसनला परतल्यावर गाडी त्याच दिवशी धुवा, खालूनसुद्धा. धूळ बसवण्यासाठी रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते मातीत मिसळून सिमेंटसारखं घट्ट बसतं आणि लोखंड खातं. चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल आधी काढा. तो तसाच सुकला तर चाकाचा तोल जातो आणि हायवेवर स्टिअरिंग थरथरू लागतं.